‘बघू’ सोड, पण गावभर सांगतही सुटू नको

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात:

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातली ही २६ वर्षांची मुलगी. कृषीत एमएस्सी झालीय, गेली काही वर्षं स्पर्धा परीक्षा देतेय, एकदा अगदी थोडक्यात हुकलं. घरी दादा (वडिलांना ती दादा म्हणते), आई, आणि धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला. तिला मनातून स्वतःचं बियाण्याचं काम उभं करायचंय, सोयाबीन, तूर, हरभरा, आपल्या भागातल्या शेतकऱ्याला खात्रीनं उगवणारं बियाणं द्यायचंय. पण हे ती कुणापुढंच ठामपणे बोलू शकत नाही. कुणी “काय करायलीस सध्या?” म्हणलं की “बघू, तयारी चालूय” एवढंच. एका लग्नात चुकून तोंडातून निघालं तर नात्यातले एक मामा सगळ्यांसमोर हसले, “एमएस्सी करून बियाणं इकणार व्हय!” आणि परवा घरी स्थळ आलं होतं, मुलाच्या मोठ्या बहिणीनं अगदी साधेपणानं विचारलं की तुझं पुढं काय करायचं ठरलंय, तर ही म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं.” त्या रात्री तिला झोप लागली नाही. तिचा प्रश्न असा: “माझ्यात कॉन्फिडन्सच नाही का? आपलं ध्येय ठामपणे सांगायला कसं शिकायचं? पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा एक ऑनलाइन कोर्स आहे, तो लावू का?”

अगं ताई,

कोर्सचं आधी सांगून टाकते, त्यात पैसे घालू नको. तुझं पत्र मी नीट वाचलं आणि मला त्यात कॉन्फिडन्स नसलेली मुलगी काही सापडली नाही. पहिली दोन पानं तू नुसतं कोण काय म्हणलं, कोण हसलं, कुणाला काय वाटेल हेच लिहिलंयस, नमनालाच घडाभर तेल गेलं, आणि मग नाव लिहून झाल्यावर खाली ता.क. टाकून लिहिलंस की २०२० च्या जूनमध्ये आमचं सोयाबीन उगवलंच नाही, दादा रोज सकाळी जाऊन काकरीत बोटानं उकरून दाणा बघायचे, तो कुजलेला निघायचा, शेवटी उसनवारी करून दुबार पेरणी केली, तेव्हापासून हे काम डोक्यात आहे. त्या चार ओळींत एकदाही ‘बघू’ नाही, ‘जमलं तर’ नाही, ‘घरचे म्हणले तर’ नाही. माझ्यासाठी तुझं पत्र तेवढंच, वरची दोन पानं लोकांची आहेत.

आणि ते काही तुमच्या एकट्या घरचं दुखणं नव्हतं. त्या वर्षी सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून त्याची दखल घेतली. आपल्याकडं सेलू-जिंतूरपासून औसा-निलंग्यापर्यंत खरीप म्हणजे मुख्यतः सोयाबीन, त्यात एक पेरणी मोडली की बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं सगळं दुसऱ्यांदा आणि पाऊस मात्र पुढं निघून गेलेला. हे तू पुस्तकात वाचलेलं नाहीस, घरात बघितलंयस. पण लग्नात मामांना तू काय सांगितलंस? “मला बियाण्याचं काम करायचंय.” एवढ्या वाक्यातून त्यांच्या डोळ्यापुढं काय उभं राहणार, काउंटरमागं बसून पिशव्या देणारी भाची, दुसरं काय. त्यांनी हसायला नको होतं हे खरंच, मोठ्या माणसानं चारचौघांत लेकराचं असं करू नये, पण तू सांगितलं अर्धंच, आणि ते हसले त्या अर्ध्यावर.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडं येते. तू असं धरून चाललीयस की आत्मविश्वास आधी आत भरायचा आणि मग तो भरला की माणूस ठाम बोलायला लागतो. मला इतकी वर्षं अशी पत्रं वाचून वाटतं ते वेगळंच. माणूस ज्या जागी अडखळतो त्या जागी बहुतेक वेळा त्याचा निर्णयच झालेला नसतो. तुला आत्ता कुणी विचारलं की घरच्या सोयाबीनची उगवण कशी तपासायची, तर तू अडखळशील का? नाही. तू सरळ सांगशील की पोत्यातून वर-खाली-मधून मूठ मूठ काढ, त्यातले सरसकट शंभर दाणे मोज, चांगले चांगले निवडू नको, गोणपाट भिजवून दहा-दहाच्या दहा ओळीत ते मांड, गुंडाळी कर, सावलीत ठेव, वरून पाणी मारत राहा, सात-आठ दिवसांनी उघड आणि नीट कोंब आलेले मोज, सत्तर किंवा वर भरले तर पेरायला घे, कमी भरले तर एकरी बियाणं वाढव नाहीतर ते बियाणं सोडून दे. बघ, ह्यात कुठं ‘बघू’ आलं का? कारण इथं तुझं सगळं ठरलेलं आहे.

मग अडखळतेस कुठं ते शोध. माझ्या अंदाजानं चार जागा आहेत आणि तू वहीत लिहून काढल्यास तर कदाचित पाचवीपण निघेल. पहिली, परीक्षा सोडायची की नाही हे तू ठरवलेलं नाहीस. दुसरी, जमीन दादांची आहे आणि त्यातली किती तुला मिळेल हे तू विचारलेलंच नाहीस. तिसरी, बियाणं विकायचं म्हणजे नक्की कसं, स्वतःच्या नावाची पिशवी काढायची, की महाबीजसारख्या संस्थेचा किंवा एखाद्या कंपनीचा बीजोत्पादनाचा प्लॉट घ्यायचा, म्हणजे त्यांच्यासाठी आपल्या रानात बियाणं पिकवून द्यायचं, की सुरुवातीला आजूबाजूच्या शेतकऱ्यांनाच सुटं द्यायचं. आणि चौथी, सगळ्यात अवघड, लग्नानंतर हे काम कुठल्या गावात होणार. स्थळाच्या माणसांपुढं तुझी जीभ जी चिकटली ती भित्रेपणानं नाही चिकटली असं मला वाटतं, तिथं ह्या चारही गाठी एकदम समोर आल्या आणि तुझ्याकडं एकीचंही उत्तर नव्हतं, म्हणून तू सगळाच निर्णय समोरच्याच्या हातात देऊन मोकळी झालीस.

ह्यातली तिसरी गाठ आधी सोडव, कारण ती निव्वळ माहितीची आहे आणि तुझ्या शिक्षणाला ती सोपी आहे. शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं साठवायचा, पेरायचा, दुसऱ्याला द्यायचा आणि विकायचासुद्धा हक्क पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ नं दिलेला आहे, फक्त ते ब्रँड लावून विकता येत नाही. ब्रँडची पिशवी काढायची म्हणलं की बियाणं परवाना आला, आणि ‘प्रमाणित’ म्हणून विकायचं तर बीज प्रमाणीकरण यंत्रणेकडं प्लॉटची नोंदणी, पायाभूत बियाण्याची (ज्यापासून पुढचं प्रमाणित बियाणं तयार होतं त्याची) पावती, विलगीकरण अंतर (शेजारच्या दुसऱ्या वाणापासून सोडायची जागा), पिकाची तपासणी, फुलाच्या रंगावरून आणि झाडाच्या ठेवणीवरून भेसळ ओळखून उपटणं, प्रक्रिया, लॅबचा रिपोर्ट असा सगळा क्रम आहे. म्हणजे एकाच ‘बियाण्याच्या कामा’त तीन वेगवेगळी कामं आहेत, त्यांचा खर्च वेगळा, जोखीम वेगळी. तू कुठलं करणार हे जोपर्यंत तुलाच माहीत नाही तोपर्यंत तुझं वाक्य डगमगणारच, त्याला आवाज मोठा करून उपयोग नाही. आणि एकदा का ते ठरलं, की बघ, “मी ह्या खरिपात घरच्या दोन एकरांवर सोयाबीनचा बीजोत्पादनाचा प्लॉट घेतेय” हे वाक्य अगदी हळू आवाजात म्हणलं तरी ठामच ऐकू येतं.

हे मी फक्त तुला सांगत नाहीये. मला धाराशिवच्या एका मुलाचं पत्र आलं होतं, त्याला ‘काहीतरी हॉटेल लाइनमध्ये’ करायचं होतं. नांदेडच्या एका वहिनींना दोन लेकरांनंतर ‘परत शिकायचं’ होतं. दोघांचंही म्हणणं तेच, की घरी बोलायची हिंमत होत नाही. पण हॉटेल लाइन म्हणजे हायवेवर चहा-नाष्ट्याची टपरी का पुण्यात जाऊन स्वयंपाकाचं शिक्षण, आणि परत शिकायचं म्हणजे मुक्त विद्यापीठाचं बीए का नर्सिंग, हे त्यांनी स्वतःलाच विचारलं नव्हतं. ज्याला ज्याला वाटतं की मला बोलता येत नाही, त्यानं आधी एका कागदावर काय, कुठं, किती पैशात, कधीपासून आणि नाही जमलं तर काय, एवढं लिहून बघावं. जिथं पेन थांबतं तिथंच जीभ थांबणार असते.

दुसरं तुझं गृहीतक म्हणजे ठाम माणूस सगळ्यांना सांगतो आणि सगळ्यांना पटवतो. हे कुठून आलंय मला माहितीय. लातूरपासून संभाजीनगरपर्यंत कुठल्याही करिअर सेमिनारला जा, स्टेजवरचा माणूस ती गोष्ट सांगतोच, की अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या १९५३ च्या बॅचमधल्या फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपलं ध्येय लिहून ठेवलं होतं आणि वीस वर्षांनी त्या ३ टक्क्यांची कमाई बाकीच्या ९७ टक्क्यांपेक्षा जास्त निघाली. पोरं वह्या काढून लिहून घेतात. तर असा अभ्यास झालेलाच नाही, खुद्द येलनंच तसं सांगितलंय. लिहून ठेवणं चांगलंच आहे, वर मी तेच सांगितलं, पण ते विचार स्वच्छ व्हावा म्हणून, लिहिल्यानं जादू होते म्हणून नव्हे.

जो अभ्यास खरोखर झालाय तो जरा वेगळंच सांगतो. न्यूयॉर्क विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक संशोधन छापलं, त्यात असं दिसलं की ‘मला अमुक व्हायचंय’ हे आपण दुसऱ्याला सांगितलं आणि त्यानं ते ऐकून मान डोलावली, की आपल्याला अर्धं झाल्यासारखंच वाटायला लागतं आणि प्रत्यक्ष कामाला लागतो कमी. हे वाचल्यावर मला आपल्याकडची कितीतरी पोरं आठवली. गावात ‘साहेब’ म्हणून हाक सुरू होते, व्हॉट्सअॅपच्या डीपीला लाल दिव्याची गाडी लागते, सगळे कौतुक करतात, आणि अभ्यासिकेतली खुर्ची मात्र रिकामी राहते. म्हणून तू गप्प राहिलीस त्याचं एवढं वाईट वाटून घेऊ नको, सगळ्यांपुढं गप्प राहणं ही काही चूक नाही. चूक एवढीच की ज्यांना सांगायला पाहिजे त्यांनाही तू सांगितलं नाहीस. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नसतं, पण भांडं घेऊन गावभर फिरायचंही नसतं.

मग सांगायचं कुणाला? ज्याच्या होकाराशिवाय काम हलत नाही त्याला, आणि ज्याच्याकडून काम शिकायचंय त्याला. तुझ्या बाबतीत पहिले दादा, आणि दुसरे विद्यापीठातले तुझे सर आणि आधीपासून प्लॉट घेणारे एक-दोन शेतकरी. मामा ह्या यादीत कुठंच नाहीत. लग्नात, बारशाला, एसटी स्टँडवर कुणी विचारलं तर “शेतीचंच काम करतेय, बियाण्याचं” एवढं म्हण आणि त्यांच्या लेकरांची चौकशी कर. प्रत्येकाला हिशोब द्यायला आपण बांधील नाही.

आता दादा. तुझ्या पत्रात “दादांना पटणार नाही” हे वाक्य सारखं सारखं आलंय. पण दादांना सांगितलं आणि ते नाही म्हणले, असं एकदाही आलेलं नाही. म्हणजे त्यांचा नकार तूच लिहिलायस, तूच वाचतेयस. काकरीत बोट घालून दाणा शोधणारा तो माणूस आहे ना? त्याला ह्या विषयाचं तुझ्याइतकंच, कदाचित जास्त दुखलेलं आहे. माझं म्हणणं, त्यांच्याशी ध्येय, स्वप्न, स्टार्टअप असले शब्द घेऊन बोलूच नको. पेरणीच्या आधी महिना-दीड महिना घरचं जे बियाणं ठेवलंय त्यातलं घे, आणि गावातल्या दोन-तीन घरचं मागून घे, ओसरीवर प्रत्येकाची वेगळी गुंडाळी कर, वर चिठ्ठी लाव कुणाचं बियाणं, कधी मांडलं. दादा येता-जाता विचारणारच, हे काय मांडलंस. आठव्या दिवशी गुंडाळ्या त्यांच्याच हातानं उघड आणि कोंब त्यांनाच मोजू दे. एका घरचे अठ्ठ्याहत्तर भरतील, एका घरचे पन्नास, कारण कुणी मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवला होता, कुणी पोती आदळली, सोयाबीनचं टरफल किती नाजूक असतं ते तुला माहीतच आहे. ज्याचे पन्नास भरले त्याला दादा स्वतः जाऊन सांगतील की बाबा रे हे पेरू नको. त्या संध्याकाळी बोल. दादांच्या समोर तेव्हा पोरीचं खूळ नसेल, तिचं काम असेल, त्यांनी स्वतः मोजलेलं.

बोलताना एक सांभाळ. आपल्या घरातल्या मुली सांगायच्या जागी विचारतात. “दादा, मी असं केलं तर चालेल का, तुम्हाला काय वाटतं, नको असेल तर राहू द्या,” असं म्हणलं की समोरच्याला नाही म्हणणंच सोपं जातं, आपणच वाट करून देतो. आणि उलट टोकाला जाऊन “माझं ठरलंय, कुणी काही म्हणा” हेही नको, कारण जमीन त्यांची आहे, बैल-ट्रॅक्टर त्यांचं, आणि तुला त्यांची साथ लागणार आहे. मधलं असं काहीतरी म्हण, शब्द तुझे घाल: “दादा, मला बियाण्याचं काम करायचंय. यंदा खालचं दोन एकर मला द्या. बियाण्याला, खुरपणीला, मळणीला किती लागेल ते मी लिहून आणलंय. बियाणं उगवणीत पास नाही झालं तर ते साधं सोयाबीन म्हणून मोंढ्यावर जाईल, म्हणजे अगदी मातीत जाणार नाही. दिवाळीनंतर हिशोब घेऊन बसू आणि पुढचं दोघं मिळून ठरवू.” ह्यात तू काय मागतेयस ते स्वच्छ आहे, किती दिवसांसाठी ते आहे, तोटा झाला तर किती तेही आहे. शेतकऱ्याला तोट्याचा आकडा आधी सांगितलेला आवडतो, कारण नफ्याचे आकडे त्यानं आयुष्यभर ऐकलेले असतात. आणि बोलून झालं की गप्प बस. ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे. दादा लगेच हो म्हणणार नाहीत, तंबाखू मळतील, बाहेर जातील, दोन दिवस विषयच काढणार नाहीत. त्या शांततेला घाबरून “बरं राहू द्या मग” असं तू स्वतःच म्हणू नको. त्यांना वेळ लागतोय तो विचाराला लागतोय.

परीक्षेचं काय करायचं, ह्यावर मी तुला ‘मनाचं ऐक’ असं सांगणार नाही. तुझ्यापुढं तीन वाटा दिसतात. एक, परीक्षा चालू ठेवून बाजूला दोन एकर करायचं. दोन, परीक्षा पूर्ण सोडायची. तीन, जालन्याला एखाद्या बियाणे कंपनीत दोनेक वर्षं नोकरी करून प्रोसेसिंग, लॉट, लॅब, मार्केटिंग हे आतून शिकायचं, जालना बियाण्यासाठी देशभर ओळखलं जातं आणि ते आपल्या हाताच्या अंतरावर आहे. तिसरी वाट तुझ्या पत्रात अजिबात नव्हती ह्याचं मला नवल वाटलं. बहुतेक तुला वाटतं की नोकरी धरली म्हणजे ध्येय सोडलं. तसं नाही गं. माझं मत विचारशील तर ह्या खरिपात दोन एकर कर, ज्या परीक्षेचा फॉर्म आता भरलेला असेल ती देऊन टाक पण नवीन फॉर्म भरू नको, आणि हंगाम संपल्यावर जालन्याच्या नोकरीचं बघ. दोन्ही डगरींवर पाय ठेवून वर्षामागून वर्षं घालवणं मला सगळ्यात वाईट वाटतं, त्यात ना अभ्यास होतो ना शेती, आणि विचारणाऱ्याला ‘बघू’ शिवाय दुसरं उत्तर उरत नाही.

पैशाचं एक. कृषी पदवीधरांसाठी केंद्राची अॅग्री क्लिनिक आणि अॅग्री बिझनेस सेंटरची योजना २००२ पासून आहे, हैदराबादच्या मॅनेज संस्थेमार्फत ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण मिळतं आणि नंतर बँकेच्या कर्जावर अनुदान आहे, महिलांना ते ४४ टक्के आहे, इतरांपेक्षा जास्त. अर्ज करायच्या आधी सध्याचे नियम तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारून घे. पण मी हे सांगतेय ते अनुदानापेक्षा त्या प्रशिक्षणासाठी, तिथं प्रकल्प अहवाल लिहायला लावतात आणि बँकेच्या माणसापुढं काय बोलायचं ह्याची चांगली तालीम होते. आणि परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठाचा १८ मे च्या स्थापना दिनाचा खरीप मेळावा आणि १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाचा रब्बी मेळावा, ह्या दोन्हीला जा, नुसतं विद्यापीठाचं बियाणं घ्यायच्या रांगेत उभी राहू नको, पैदासकार, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या स्टॉलवर जाऊन उभी राहा आणि एमएयूएसचा (विद्यापीठाच्या सोयाबीनचा) कुठला वाण, बदनापूरची कुठली तूर तुमच्या जमिनीला बसेल, पायाभूत बियाणं कधी मागावं लागतं, हे विचार. ‘मी बीजोत्पादन सुरू करतेय’ हे वाक्य अनोळखी पण जाणकार माणसापुढं म्हणायची सवय तिथं लागेल. असला माणूस हसत नाही, तो पुढचा प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नानं आपल्याला कळतं आपलं काय ठरलंय आणि काय राहिलंय.

आता स्थळ. “तुम्ही म्हणाल तसं” हे आपल्याकडच्या मुलींना घरातूनच पढवलेलं असतं, त्याचा दोष मी तुला देणार नाही. पण ते उत्तर तसंच राहू देऊ नको. त्या ताईंनी चांगल्या मनानं विचारलं होतं असं तूच लिहिलंयस. बोलणी पुढं जाणार असतील तर आईला सांगून त्यांच्याशी किंवा मुलाशीच एकदा बोल आणि सरळ सांग की त्या दिवशी मी घाबरून तसं म्हणले, मला बियाण्याचं काम करायचंय, लग्नानंतरही करायचंय, तुमच्याकडं त्याला जागा आहे का हे मला आधी समजायला हवं. ह्यानं स्थळ मोडलं तर? मोडू शकतं. मी तुला खोटा धीर देत नाही. पण हे लपवून झालेलं लग्न आणि मग रोज स्वयंपाकघरात मूग गिळून बसणं ह्यापेक्षा ते आत्ता मोडलेलं मला बरं वाटतं. मात्र हे बोलायच्या आधी ती चौथी गाठ तू स्वतःशी सोडवलेली पाहिजे. तुझं ध्येय ‘बियाण्याचं काम’ आहे की ‘माझ्या गावात, दादांच्या रानात बियाण्याचं काम’ आहे? पहिलं असेल तर सासर जालना असो नाहीतर हिंगोली, सोयाबीन-हरभरा सगळीकडं आहे, प्लॉट दुसऱ्या शेतकऱ्यांकडं देऊनही काम होतं. दुसरं असेल तर मग स्थळ बघतानाच गाव आणि अंतर बघावं लागेल आणि तसं घरी सांगावंही लागेल. दोन्ही बरोबर आहेत, पण दोन्ही एकाच वेळी नाहीत. ह्याचं उत्तर मला देता येणार नाही.

शेवटचं राहिलं भावाचं. तू त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिलीस, पण उद्या काम वाढलं, दोनाचं पाच एकर झालं, शेड टाकायची वेळ आली की प्रश्न तिथंच येणार. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे हे तू जाणून अस, पण बोलणं तिथून सुरू करू नको, नाहीतर बियाणं राहील बाजूला आणि वाटणीचीच चर्चा सुरू होईल. सातबारा दादांच्या नावावर आहे म्हणजे प्लॉटचे कागदही त्यांच्या सहीनं होतील, तेव्हा खर्च कुणी किती घातला, बियाणं कुठं किती गेलं, पैसे कुठल्या खात्यात आले हे पहिल्या दिवसापासून एका वहीत लिहीत जा आणि दर महिन्याला त्या पानाचा फोटो भावाला पाठव. त्याला पुण्यात बसून हिशोब दिसत राहिला तर उद्या गैरसमज व्हायला जागा राहणार नाही, आणि कुणी सांगावं, मोबाइलवर ऑर्डर घ्यायची सोय तोच करून देईल. फक्त त्याला फोन दादांशी बोलणं झाल्यावर कर, आधी नको, दादांना ही गोष्ट पुण्याहून कळता कामा नये.